ऐन रंगात आला की कॉम्प्युटर बंद पडतो!

आगोटीची कामं उरकली ना? आमच्या महाडात मे संपत आला की बायकांचा एक डोळा आभाळाकडे आणि दुसरा माळ्याकडे असतो. सुकट-बोंबील डब्यांत गेले, मिरच्या वाळल्या, कौलं फिरवून झाली, तरी २०२१ सालापासून आमच्या यादीत एक काम वाढलंय. जमिनीलगत ठेवलेली विजेची यंत्रं उचलून वर ठेवायचं. त्या सालच्या २२ जुलैला तिकडे महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस कोसळला. तिथे उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून ते सगळं पाणी घेऊन आमच्या दारात आली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना अधिक सांगायला नको.

पण आज पुराचं नाही सांगायचं. आज सांगायचं आहे ते घरात बसून, आपल्या डोळ्यांदेखत बंद पडणाऱ्या यंत्राचं. मुलांच्या कॉम्प्युटरचं. पान उलटू नका! "हे पोरांचं काम, आपल्याला काय कळतंय" असं म्हणून आपण बाजूला होतो, आणि मग घरात जे व्हायचं ते होतं. कसं ते या पत्रात बघा. पोलादपूरच्या एका भगिनींचं आहे.

"ताई, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. महाडला कॉलेजात जातो. संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करून त्याने वर्षभर पैसे साठवले आणि मुंबईहून जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं, सतरा हजारांचं. त्या दिवशी घरात सणासारखा आनंद. तिसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद पडायला लागला. सिनेमा पाहिला, काही टाइप केलं तर चालतो. गेम लावला आणि ऐन रंगात आला की फट्‌ करून सगळं काळं. आमचे हे म्हणतात, फसवला गेलास, विकून टाक. मुलगा म्हणतो, कार्ड चांगलं आहे. त्यावरून दोघांचं असं वाजलं की आज नऊ दिवस बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. एका पंगतीला बसत नाहीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कार्ड बिघडलंय, कॉम्प्युटर बिघडलाय, की माझा मुलगाच बिघडलाय, एवढंच सांगा."

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. झेरॉक्सच्या मशीनपाशी वर्षभर उभा राहून पैसे साठवणारा मुलगा बिघडलेला नसतो. राहता राहिलं कार्ड आणि कॉम्प्युटर. त्यांचं उत्तर मी पत्रातून देऊ शकले नाही, ते तुमचं तुम्हीच शोधून काढलंत. कसं, ते इतर मैत्रिणींना सांगायची परवानगी तुम्ही दिलीत, म्हणून हा लेख.

खोक्यात असतं तरी काय?

ज्याला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो त्या उभ्या खोक्यात पाच-सहा मुख्य जिन्नस असतात. एक मोठी हिरवी किंवा काळी पाटी, तो मदरबोर्ड. त्यावर बसलेला प्रोसेसर, म्हणजे घरचा कर्ता. हाताशी लागणारं सामान ठेवायचा ओटा म्हणजे रॅम, आणि माळा म्हणजे डिस्क. पडद्यावर चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. या सगळ्यांना वीज वाटून देणारी एक पत्र्याची डबी कोपऱ्यात असते. दुकानदार तिला 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून ज्याला जी हवी ती पुरवायची, हे तिचं काम.

साध्या कामाला कार्ड फारसं राबत नाही. गेम मात्र दर सेकंदाला साठ-साठ, शंभर-शंभर चित्रं मागतो, आणि तीही ऊन-सावलीसकट! मग कार्ड कंबर कसून कामाला लागतं आणि विजेची मागणी एकदम वाढते. म्हणूनच सिनेमा बघताना काही होत नाही आणि गेम रंगात आला की बंद पडतो. चार माणसांच्या कुकरात पंधरा माणसांचा भात लावला तर दोष तांदळाचा का?

या ताईंच्या मुलाचं आधीचं कार्ड होतं जीटी ७१०. त्याची भूक १९ वॉट. नवं आणलं ते आरटीएक्स ३०६०. त्याची भूक १७० वॉट. म्हणजे जवळजवळ नऊपट. कार्ड बदललं, पण वाढणारी डबी तीच जुनी राहिली. बहुतेक घरांत हेच होतं.

बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं?

तापाच्या माणसाला डॉक्टर आधी विचारतात ना, थंडी वाजून येतो की नुसताच येतो? तसंच इथे. नुसतं "बंद पडतो" म्हणून भागत नाही. जवळ उभं राहून नीट बघायचं.

१. खोक्याचे पंखे थांबले, दिवे गेले, पण मॉनिटरचा बारीक दिवा चालूच आहे आणि पडद्यावर 'नो सिग्नल' असं येतं. संशय एसएमपीएसवर. जास्त भार आला की चांगली डबी स्वतःला वाचवायला बंद होते. पुष्कळदा मग बटण दाबून काही होत नाही, मागची कळ बंद करून थोड्या वेळाने लावली तरच सुरू होतो.

२. खोकं गेलं आणि त्याच क्षणी मॉनिटरचा दिवाही गेला. संशय यूपीएसवर किंवा घरच्या विजेवर. कारण दोन्ही यंत्रं तिथेच जोडलेली असतात.

३. पडदा काळा झाला, पण पंखे फिरताहेत, गेमचा आवाजही येतोय. कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाची नि विंडोजची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याला हलवून जागं करायला बघते. जागं झालं तर ठीक, नाही तर पडदा काळा, किंवा निळा.

४. निळा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं. मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. ड्रायव्हर किंवा रॅम.

५. नुसता गेम बंद होतो, बाकी सगळं जागच्या जागी. गेम किंवा ड्रायव्हर. विजेचा दोष क्वचित.

६. बंद पडण्याआधी पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, रेघोट्या. कार्ड फार तापतंय किंवा त्याची स्मरणशक्ती, म्हणजे त्यावरची मेमरी, जायबंदी आहे. जुनं कार्ड घेताना हे मुख्य बघायचं.

बघा, यातलं काय कळायला इंजिनिअर लागतो? डोळे नि कान लागतात, आणि ते आपल्याकडे पोरांपेक्षा जास्त. पोराचं सगळं लक्ष गेममध्ये. फ्रिज कधी सुरू झाला, दिवा कधी मिणमिणला, हे घरात कोणाला कळतं? आपल्यालाच.

आठ दिवसांची वही

म्हणून मी ताईंना उलट टपाली कळवलं: एक वही करा. दुधाची करतो तशी. बंद पडला की तारीख, वेळ, काय चालू होतं, मॉनिटरचा दिवा गेला की राहिला, घरात दुसरं काय सुरू झालं आणि काही वास, काही आवाज आला का, एवढं लिहा. मुलाला काही बोलू नका, त्याच्या वडिलांनाही नको. फक्त लिहा.

त्यांनी लिहिलं. वहीच्या पानांचे फोटो मला मोबाइलवर पाठवले. त्यातल्या नोंदी अशा:

'मंगळवार, रात्री ९.२०. गेम लावून बारा मिनिटं. फ्रिज सुरू झाला, दिवा मिणमिणला. टेबलाखालच्या काळ्या डब्याने टूं केलं. सगळंच गेलं, पडद्याचा दिवापण.'

'बुधवार. सिनेमा, दोन तास. काही नाही.'

'गुरुवार, रात्री ९.४०. फ्रिज बंद होता, दिवा हलला नाही, काळा डबा गप्प. तरी गेलं. पडद्याचा दिवा राहिला. बटण दाबून सुरू होईना, प्लग काढून लावला मग झालं.'

'शनिवार, दुपारी. गेम. बंद पडायच्या आधी खोक्यापाशी वास. प्लास्टिक तापल्यासारखा.'

मैत्रिणींनो, मंगळवार आणि गुरुवार वाचून मला वाटलं, चला, दोन चोर सापडले. शनिवार वाचला आणि पत्र लिहायचं सोडून मी फोन केला. "ताई, आत्ताच्या आत्ता प्लग काढा. बटण बंद करू नका नुसतं, प्लगच काढा. आणि मी सांगेपर्यंत लावू देऊ नका."

मी एवढी का घाबरले

त्याला कारण आहे. २०२१च्या पुरात आमचाही कॉम्प्युटर चिखलात गेला होता. तळियेला दरड कोसळून माणसं गेली होती, गावात सामसूम, तिथे आपल्या यंत्राचं दुःख कोण उगाळणार? तो धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि "वाळला असेल" म्हणून मी माझ्याच हाताने कळ दाबली. फटाका फुटावा तसा आवाज, धूर, आणि घरभर अंधार. एसएमपीएसच्या आत गाळ राहिला होता. वरून कोरडं ते आतून कोरडं असतंच असं नाही, हे माझंच अज्ञान. एमसीबी पडला म्हणून निभावलं. तेव्हापासून वास आणि वीज एकत्र आली की मी विचार करत बसत नाही.

जाता जाता एक सक्त ताकीद. एसएमपीएसची डबी कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून घरी उघडायची नाही. तिच्या आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भारलेले कपॅसिटर असतात आणि प्लग काढल्यावरही त्यांच्यातला भार काही वेळ राहतो. डबी बिघडली तर बदलायची. बस्स.

वासाचं मूळ

दुसऱ्या दिवशी मुलाने खोकं उघडलं आणि आईने फोटो काढले. कार्डाच्या डोक्यावर आठ टाचण्यांचं एक तोंड असतं, तिथे एसएमपीएसची स्वतंत्र केबल लागते. जुन्या डबीला तशी केबलच नव्हती. मग पोराने शंभर रुपयांचा एक जोड आणला होता. एका टोकाला डिस्कला लावतात तो चपटा सॅटा प्लग आणि दुसऱ्या टोकाला कार्डाचं तोंड. फोटोत तो पांढरा जोड एका बाजूने तपकिरी झालेला. चहाच्या कपाला डाग पडतो ना, तसा.

हिशेब साधा आहे. तो सॅटा प्लग बनवलेला आहे डिस्कसाठी. १२ व्होल्टच्या तारेवरून जास्तीत जास्त साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट, एवढीच त्याची ताकद. कार्ड बसतं त्या खाचेतून त्याला ७५ वॉटपर्यंत मिळतात. १७० मधून ७५ गेले की उरतात ९५, आणि ते सगळे त्या ५४ वॉटच्या जोडातून ओढले जात होते. तो तापणार नाही तर काय होणार? आणखी पंधरा दिवस तसाच चालला असता तर काय झालं असतं, हे मी इथे लिहीत नाही.

ताईंनी मुलाला विचारलं, "अरे, नवीन एसएमपीएस लागतो हे तुला माहीत नव्हतं?"

त्याचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं कळवलंय. "माहीत होतं, आई. पैसे संपले होते. बाबांकडे मागायची लाज वाटली."

आणि वडील? ते महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. तो तपकिरी जोड हातात घेऊन बराच वेळ बघत बसले म्हणे. मग म्हणाले, "मला हा वास पहिल्याच आठवड्यात आला होता. म्हणून ओरडत होतो." ताई लिहितात, 'एकाने लाजेपायी सांगितलं नाही आणि दुसऱ्याने भीतीपायी नुसता आवाज चढवला. वासाचं नाव कोणीच काढलं नाही.'

पाकीट-पेन्सिल घेऊन बेरीज

आता मंगळवार आणि गुरुवारचा उलगडा. हा हिशेब प्रत्येकीने आपल्या घरी करून बघण्यासारखा आहे.

गुरुवारचा चोर एसएमपीएस. डबीवर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापलेलं होतं. पण मोठी अक्षरं वाचायची नाहीत, बारीक तक्ता वाचायचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर होते. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर या दोघांचं पोट मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच भरतं. कार्डाचे १७०. प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणतात, पण जोरात आला की नव्वदीच्या घरात जातो. झाले २६०. पुरवठा २१६ चा! शिवाय कार्ड क्षणभर आपल्या छापील आकड्याच्याही बरंच वर उसळी घेतं. स्वस्त डबी तिथे मान टाकते. हे कार्ड बनवणाऱ्या कंपनीने सबंध कॉम्प्युटरसाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगितला आहे तो याचसाठी.

मंगळवारचा चोर यूपीएस. आपल्याकडे घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा. हे ६०० म्हणजे वॉट नव्हेत, बरं का. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॉट. आता बघा: कार्ड, प्रोसेसर आणि बाकी सगळं मिळून आत ३१० वॉट लागतात. वीज बदलताना काही उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून ३७५ च्या आसपास ओढले जातात. त्यात मॉनिटरचे पंचवीस. झाले ४००. फ्रिज सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं, यूपीएस बॅटरीवर जातो, आणि चारशेचं ओझं बघून टूं करून बसतो. जुनी बॅटरी असेल तर आणखी लवकर.

म्हणजे कार्ड चांगलं होतं. मुलाचं म्हणणं बरोबर. घरात काहीतरी धोक्याचं चाललंय, हे वडिलांचं म्हणणंही बरोबर.

तुमच्या घरी असं झालं तर: क्रमाने करा

पैसे खर्च करायच्या आधी बिनखर्चाच्या गोष्टी संपवा.

खोकं उघडण्याआधी प्लग काढा आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज जाते. हातातल्या बांगड्या, घड्याळ काढा, मंगळसूत्र आत घ्या. नायलॉनची साडी किंवा लोकर अंगावर नको. खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या वस्तूला लावा. अंगावरच्या स्थिर विजेनेही नाजूक भाग मरतात.

पहिलं: मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नसून नव्या कार्डालाच लावली आहे ना? हसू नका, पुष्कळांची चूक हीच असते. कार्ड खाचेत पूर्ण बसून खिट्टी 'टक्' झाली आहे का? मागचा स्क्रू आहे का? जड कार्ड खाली ओणवं झालं असेल तर आधार द्या.

दुसरं: कार्डाला जाणारी केबल एसएमपीएसचीच, मूळची हवी. डिस्कच्या प्लगातून काढलेले जोड नकोत. कार्डाला दोन तोंडं असतील तर शक्यतो दोन वेगळ्या केबल लावा. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधी लावू नका. तोंड सारखं दिसतं, आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि एका क्षणात डिस्क नि कार्ड दोन्ही जळतात.

तिसरं: जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पुसून नव्याचा घाला. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. नवा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधी उतरवून ठेवा, मग इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये जुना पुसा आणि नवा घाला. पडदा काळा होणं, निळा होणं, नुसता गेम बंद होणं, या तक्रारींना हा पहिला उतारा.

चौथं: तापमान बघा. गेममध्ये कार्ड ऐंशी अंशांच्या आसपास असेल तर घाबरू नका. नव्वदीच्या वर राहत असेल तर धूळ काढा. मऊ ब्रशने, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून. व्हॅक्यूम क्लीनर नको. खोक्याची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावल्यावर बंद पडणं थांबलं, तर दोष हवेचा.

पाचवं: वास वगैरे काही नसेल तरच ही परीक्षा. 'आफ्टरबर्नर' नावाच्या फुकट प्रोग्रॅममधून कार्डाची वीज सत्तर टक्क्यांवर आणा, किंवा गेममध्येच सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घाला. मग बंद पडायचं थांबलं तर दोष विजेचा, हे जवळजवळ नक्की.

सहावं: यूपीएस बाजूला ठेवून, अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटला थेट लावून बघा. फरक पडला तर चोर यूपीएस.

सातवं: जुनं कार्ड परत लावा. सगळं सुरळीत चाललं तर संशय नव्या कार्डावर किंवा त्याच्या विजेवर. ज्याचा एसएमपीएस भक्कम आहे अशा मित्राकडे नवं कार्ड लावून पाहा. तिथे चाललं तर कार्ड निर्दोष.

आठवं: रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल तर तो मूळ ठिकाणी आणा आणि विंडोजमधली मेमरी तपासणी चालवा.

पोरं तुम्हाला इव्हेंट व्ह्यूअरमधला 'कर्नल-पॉवर ४१' दाखवतील आणि म्हणतील, "बघ, पॉवरचा दोष!" त्यावर जाऊ नका. कॉम्प्युटर रीतसर बंद न होता गेला, एवढंच ती नोंद सांगते. का गेला, ते सांगत नाही. तुमची वही सांगते.

आणि पावसाळ्यात, वीज ये-जा करत असताना, मदरबोर्डाचं बायॉस बदलायच्या भानगडीत पडू नका. मधेच वीज गेली तर मदरबोर्डच उठत नाही.

आता घेताना

एसएमपीएस घेताना १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. '८० प्लस' ही खूण म्हणजे डबी वीज कमी वाया घालवते. ती ताकदीची खूण नव्हे, पण खूण असलेली डबी सहसा बरी निघते. बिल आणि वॉरंटीचं कार्ड डब्यात जपून ठेवा. यूपीएस घ्यायचा तर व्हीए नको, वॉट विचारा, आणि नव्या एसएमपीएसबरोबर तो चालतो का हेही दुकानात लावून बघा. स्वस्त यूपीएसच्या बॅटरीची वीज काही चांगल्या डब्यांना मानवत नाही.

जुनं कार्ड घेणाऱ्यांना एक सांगते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं 'मायनिंग' बंद झालं आणि त्यापायी रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं जुन्या बाजारात आली. लॅमिंग्टन रोडला जा नाही तर ओळखीच्या मुलाकडून घ्या, पैसे देण्याआधी अर्धा तास जड गेम चालवून बघायचा. लाजायचं काय त्यात? आपण वांगीसुद्धा दाबून घेतो.

थोडक्यात उत्तरं

*खोक्याला हात लावला की मुंग्या येतात (एक वाचक, महाड).* अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा, आजच. विशेषतः पुरात वायरिंग पाण्याखाली गेलं असेल तर सगळीच तपासणी करून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत चला.

*पावसात महिनाभर कॉम्प्युटर बंद राहतो, चालेल का?* चालेल, पण दोन-तीन दिवसांनी अर्धा तास लावत जा. आतली ऊब दमट हवेवर उत्तम. खोकं जमिनीवर नको. मागच्या मोकळ्या खाचांना पत्रा लावा, पाली नि झुरळं त्यातूनच जातात.

असो. पोलादपूरच्या ताईंचं कालच पत्र आलं. कार्ड महिनाभर कपाटात राहिलं. पगार झाल्यावर बापलेक एकत्र महाडला येऊन ५५० वॉटचा एसएमपीएस घेऊन गेले. अर्धे पैसे मुलाचे, अर्धे वडिलांचे. मुलगा फुकट घ्यायला तयार नव्हता. यूपीएसचं पुढच्या दिवाळीला बघू म्हणतात. तोवर वडिलांनी वायरमन बोलावून कॉम्प्युटरला अर्थिंगची वेगळी लाइन ओढून घेतली आहे, आणि आभाळ गडगडलं की प्लग काढायचा, हा नियम मुलाने पाळायचा. जुना तपकिरी जोड वडिलांनी टाकू दिला नाही. मीटरच्या पेटीजवळ खिळ्याला टांगून ठेवलाय.

पत्राच्या शेवटी ताईंची नवी तक्रार आहे. 'पूर्वी कॉम्प्युटर बंद पडायचा, तेव्हा निदान जेवायला तरी उठायचा. आता बंद पडत नाही, तर हा उठत नाही. यावर काही उपाय?'

ताई, या दोषावर माझ्याकडे काही नाही. पण वही तुमच्याकडे आहेच. किती वाजता बसला, किती वाजता उठला, तेवढं लिहा. आठ दिवसांनी बापलेकांच्या मध्ये ठेवा, आणि पान वाढा.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या ओल्या भिंती आणि त्यातली विजेची बटणं.